पेंटरने नीट केलेली रेघ

बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं एकाच माणसाच्या हातची होती. त्याला सगळे पेंटरच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा ‘अहो पेंटर’ अशी हाक मारायची. छापील फलक आल्यापासून काम रोडावलं होतं, पण तोरा तसाच होता. “अक्षर काय, कुणीही काढतं,” तो म्हणायचा, “कड साफ करतो तो पेंटर!” अक्षर रंगवून झालं की बारीक ब्रश घेऊन त्याच्या कडा अशा गुळगुळीत करायचा की माशी बसली तर घसरावी.

त्याची मुलगी पाचवीत होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात आणि शाळेतही ती खार. तिच्या वर्गाची सहल संग्रहालयात निघाली, चिनी सुलेखन शिकायला. मुलांवर लक्ष ठेवायला वर्गशिक्षिकेच्या जोडीला कुणीतरी पालक हवा होता. खारीने हात वर केला आणि वर्गभर सांगून टाकलं, “माझे बाबा येणार. त्यांचं अक्षर कध्धी चुकत नाही!” पेंटरने ठेवणीतला शर्ट काढला.

संग्रहालयात शिकवणाऱ्या बाईंच्या बोटांना शाई लागलेली होती. मुलांनी लगेच त्यांचं नाव शाईबाई ठेवलं.

“चिनी लिपीत ‘एक’ म्हणजे एक आडवी रेघ,” शाईबाई म्हणाल्या. “सोप्पं वाटतंय ना? काढा, मग कळेल. आणि ओढलेल्या रेघेवर परत ब्रश फिरवायचा नाही. जशी आली तशी आली.”

मागे भिंतीला टेकलेला पेंटर मिशीत हसला. पोरांनी कागद बरबटवू नयेत म्हणून सांगत असतील झालं.

खारीने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून रेघ ओढली. शेवटी शेवटी ब्रशातली शाई संपत आली आणि तिथे रेघेतून कागदाचा पांढरा रंग डोकावला. शाईबाई थबकल्या. “अगं, ही तर आमच्या भिंतीवर लावायची! वाळू दे इथेच.”

“बाबा, भिंतीवर!” खार ओरडली आणि डबा खायला सगळ्यांबरोबर बाहेर पळाली.

दप्तरं सांभाळायला पेंटर एकटा मागे राहिला. तो टेबलापाशी गेला. भिंतीवर लागणार म्हणजे पाटीच की ही! आणि पाटीची कड अशी उसवलेली? लोक काय म्हणतील, पेंटरची पोर आणि असं काम? हात ब्रशाकडे कधी गेला, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने पांढऱ्या फटी भरल्या, वरची कड सरळ केली, मग खालची. पातळ कागद शाई प्यायला लागला. रेघ फुगली. ती आवरायला जावं तर आणखी पसरली. शेवटी कागदावर ओंडका आडवा पडल्यासारखा दिसू लागला.

मुलं परतली. शाईबाईंनी कागद उचलला. “ही कुणी गिरवली?”

‘मी’. एका अक्षराचा शब्द, पण पेंटरला तो काढता आला नाही. समोर त्याच्या लेकीचा वर्ग उभा होता. खारीने कागद पाहिला, मग त्याची काळी झालेली बोटं. त्याने हात खिशात घातला.

“मी गिरवली,” खार म्हणाली.

“सांगितलेलं या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं!” वर्गशिक्षिका कडाडल्या. भिंतीवर दुसऱ्याच मुलीचा कागद लागला. पेंटर जमिनीकडे बघत राहिला. त्याने आतापर्यंत गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती, पण त्याच्या वाटची बोलणी कधी दुसऱ्या कुणी खाल्ली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तो तिच्या शेजारी बसला. “खारे, मी सांगतो तुमच्या बाईंना.”

“तिथे का नाही सांगितलंस?”

तो उठला आणि दांडा धरून म्हणाला, “बाई, ती रेघ मी बिघडवली. हिने नाही.”

मागून कुणीतरी विचारलं, “काका, तुम्हालापण अंगठे धरायला लावणार?” आणि हशा पिकला.

“असू द्या हो, बसा,” वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्याच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

“आता मी खोटं बोलले तेही सगळ्यांना कळलं,” खार हळूच म्हणाली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या शेजारची जागा रिकामीच होती. शाळा येईपर्यंत तो दांडा धरून उभा राहिला.