ऑर्विनच्या हातची काडतुसं

मोंटानातल्या त्या गावात दुकानातलं तयार काडतूस वापरणं ऑर्विनला कमीपणाचं वाटे. घरच्या बंदुकांची काडतुसं तो स्वतः भरायचा. पण यंदा हात थरथरू लागले. चमच्यातली बंदुकीची दारू तराजूत कमी आणि टेबलावरच जास्त सांडायची. चारचौघांत तो हात खिशातच ठेवू लागला. शेवटी बायको मार्डेल त्याला दारू मोजून टाकणारं यंत्र घ्यायला दुकानात घेऊन गेली.

"हे सगळ्यात जलद," दुकानदार म्हणाला.

"आधी तो पंखा बंद कर. वाऱ्याने तराजू हलतो," ऑर्विन खेकसला आणि घरून आणलेल्या तराजूवर एकेक माप तपासू लागला. ते जलद यंत्र सारखं चुकत होतं. शेजारचं जरा सावकाश चाले, पण दरवेळी अचूक होतं, आणि चमच्याने मोजण्यापेक्षा कितीतरी जलद. त्याने तेच घेतलं.

"तू आणि यंत्रावर भरवसा?" मार्डेलने चिडवलं.

"तुझ्यावर ठेवलाच ना इतकी वर्षं!"

ऑक्टोबरात मार्डेलने एकाच गोळीत एल्क जातीचं भलंमोठं हरीण पाडलं. मांस कापायला शेजारी जमले.

"काय नेम आहे गं तुझा!" कोणीतरी म्हणालं.

"नेम माझा, पण काडतूस ह्याचं," मार्डेल म्हणाली. तिने जपून आणलेली त्याच काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी सगळ्यांसमोर ऑर्विनपुढे धरली. "घे, पुढच्या वर्षासाठी भरून ठेव."

ऑर्विनने खिशातून हात काढून ती घेतली. हात थरथरत होता. पण त्याने तो परत खिशात घातला नाही.