सहा गोलांचा बेहरूज

तेरा वर्षं प्रोफेशनल फुटबॉल खेळून ज्याने एकूण सहा गोल मारले, तो माझा मित्र बेहरूज काल तेहरानमध्ये वारला.

सकाळी त्याच्या मुलाचा मेसेज आला. फिजिक्सची बॅच दुसऱ्या सरांकडे दिली आणि स्टाफरूममध्ये येऊन बसलो. तिथूनच लिहितोय.

सहा गोल ऐकून हसू नका.
मी हसलो होतो. अजून लाज वाटते.

हैदराबादला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही रूममेट. मी लातूरचा, तो उत्तर इराणचा. आमच्या बोलण्यातले कितीतरी शब्द त्याला आधीपासूनच येत होते. मैदान, बाजार, तारीख, अंगूर. उरलेली हिंदी त्याने मेसच्या वाढप्यांकडून उचलली.

डिग्री झाल्यावर मी लातूरला एका खोलीत ट्यूशन सुरू केली.
तो कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबचा मिडफिल्डर झाला.

पहिल्यांदा त्याची मॅच बघायला गेलो. स्टेडियम गच्च. मी सगळा वेळ बॉलकडेच बघतोय. शेजारचा बंगाली म्हातारा शेवटी वैतागला. "बॉल को छोड़ो ना! दस मिनट सिर्फ उसको देखो."

बघितलं.

बॉल यायच्या आधीच तो मान वळवून मागे बघून घ्यायचा. एकदा, परत एकदा.
बॉल आला की एका टचमध्ये पुढे. जिथे कुणीच नाही अशा मोकळ्या जागेत.
आणि पुढच्याच क्षणी तिथे त्याच्या टीमचा माणूस पोचलेला असायचा!

टाळ्या गोल मारणाऱ्याला. हा आपला पुन्हा मान वळवून बघतोय.

अंगावर काटा आला होता. आत्ता टाइप करतानाही आलाय.

असे सात सीझन. मग तेहरानच्या क्लबने बोलावलं. त्याला तेच तर हवं होतं. त्याच्या वडिलांनी त्याला कधी मैदानात खेळताना पाहिलं नव्हतं, आणि शुगरमुळे त्यांची नजर अधू होत चालली होती.
"बाबा को एक मॅच दिखाना है, भाई. बस."

विमान मुंबईहून होतं. जाता जाता दोन दिवस आमच्याकडे उतरला.

आणि भूकंप झाला.

औसा तालुक्यातलं माझ्या आजोळचं गाव होत्याचं नव्हतं झालं. मामी गेली. आबामामा वाचले, पण त्यांचं बोलणंच बंद झालं. कुणी जेव म्हटलं की जेवायचे, ऊठ म्हटलं की उठायचे.

बेहरूज माझ्यासोबत गावात आला आणि रोज दगडमाती उपसत राहिला. मी रोज त्याच्या मागे लागायचो. "अरे, जा. ठरल्या तारखेला तिथे सही केली नाहीस तर ते दुसरा प्लेयर घेतील."

तो एकदाच बोलला. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलखातही असाच भूकंप झाला होता, तेव्हा तो कलकत्त्यात खेळत होता.
"तब मैं नहीं गया, भाई."

अकराव्या दिवशी त्याने बॅगेतून फुटबॉल काढला. त्याच दिवशी तिकडे सही व्हायची होती.

पत्र्याच्या शेडसमोर दगड मांडून गोलपोस्ट केले. बसून राहिलेल्या बाप्यांना हाताला धरून उठवलं. धोतरवाले, पायजमेवाले, पन्नाशीचे, साठीचे. आबामामांनाही.

आता आमची माणसं कशी, बघा. ज्याच्या पायात बॉल येईल तो नेऊन आबामामांना देणार! वडीलधारा माणूस, त्यात दुःखातला. "आबा, घ्या तुमी." समोरच्या टीमचेही तेच करायला लागले. आबामामा बॉल घेऊन गोलपुढे पोचले, तर गोलकीपर अदबीने बाजूला झाला.

आबामामा थांबले. त्याच्याकडे बघितलं. आणि भडकले.

"आरं, आडव की! म्या काय पाव्हणा हाय का?"

अकरा दिवसांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

शेडच्या दारातली एक बाई फिस्सकन हसली. मग सगळेच हसले, आणि हसता हसता रडायला लागले. आबामामांनी जोरात लाथ मारली. चप्पल गोलमध्ये गेली, बॉल बाहेर.

बेहरूज मातीत बसून डोळे पुसत होता. "ऐसी टीम नहीं देखी. सब के सब पास देते!"

तेहरानने अर्थातच दुसरा प्लेयर घेतला. हा परत कलकत्त्याला. दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. तरी तिकडे चार सीझन खेळला.

रिटायर झाल्यावर एकदा लातूरला आला. तोवर इथे क्लासेसचा धंदा जोरात, माझीही तीन मजली बिल्डिंग झालेली. चौकाचौकात टॉपर्सचे फोटो. हा प्रत्येक बोर्डाखाली थांबून विचारायचा, "इसको पास किसने दिया?"

तेव्हापासून आमच्या बोर्डावर पोराच्या फोटोखाली त्याच्या शाळेच्या मास्तरांचं नाव असतं. बाकीचे क्लासवाले हसतात. हसू देत.

त्या मुक्कामात, जेवताना, मी शेवटी विचारलं. "आमच्यापायी तुझी दोन वर्षं गेली. बाबांनी बघितलं का रे तुला खेळताना?"

तो भाकरी मोडत म्हणाला, "आए थे स्टेडियम में. मगर तब तक आँखें जा चुकी थीं. बाजूवाला आदमी बताता रहा. नब्बे मिनट मेरा नाम सुनते बैठे."

मी विचारलं,

"मॅचनंतर काय म्हणाले?"

"एक ही बात पूछी. वो गाँव फिर से बस गया क्या?"

बेहरूज, गाव नांदतंय रे. निवांत झोप.
तुला आम्हा सगळ्या लातूरकरांचा अखेरचा सलाम.