रुखसारचा केसपेपर

"मॅडम पुढच्या सोमवारपासून बसतील," असं मी दवाखान्यात एका पेशंटला सांगत होते, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मॅडमची मुलगी अनघा होती. "कुंदाताई, आई गेली..." सात आठवडे झाले त्याला.

नाशिकच्या त्या कातडीच्या दवाखान्यात मी मॅडमच्या हाताखाली एकवीस वर्षं सिस्टर होते. बाई तापट. ट्रे यायला उशीर झाला की "कुंदा, झोपलीस का?" म्हणून ओरडायच्या, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढायच्या.

रुखसार मालेगावच्या एका लूम कामगाराची पोर, सहा वर्षांची. दोन्ही हात चामखिळींनी भरलेले. आम्ही जाळायचो, महिन्याभरात दुप्पट उगवायच्या. वर्षभर हेच. केसपेपर लिहायचं काम माझं. पहिल्याच दिवशी तिची आई म्हणाली होती, "सिस्टर, हिचा कान बी सारखा वाहतो. दोनदा निमोनिया झाला." बाहेर ही गर्दी. मी फटकन म्हटलं, "ते लहान मुलांच्या डॉक्टरांना सांगा, इथं कातडीचं बघतात." कागदावर लिहिलं फक्त 'चामखिळी'.

पुढच्या न्यूमोनियात रुखसार मुंबईच्या हॉस्पिटलात वारली. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना फोन केला... पोरीची प्रतिकारशक्ती जन्मतःच अधू होती, न हटणाऱ्या चामखिळी त्याचीच खूण होत्या. मॅडमनी केसपेपर काढून पाहिला. "मी विचारलंच नाही गं," एवढंच म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते. मेलं तोंड उघडेना.

तेव्हापासून असं पोर आलं की त्या स्वतः कान बघायच्या, तापाचं विचारायच्या, आधी रक्त तपासायला पाठवायच्या. कळवणच्या एका मुलाचा दोष असाच वेळेत सापडला, त्याला बहिणीचा बोनमॅरो मिळाला आणि त्याच्या चामखिळी न जाळताच हळूहळू गेल्या. लोक कौतुक करायचे. मॅडम म्हणायच्या, "एक पोर माझ्या हातून गेली, तेव्हा हे सुचलं." मी ऐकून घ्यायचे. लाज वाटायची, तरी ऐकून घ्यायचे.

शेवटी त्या हॉस्पिटलात होत्या, तेव्हा सगळं सांगायचं ठरवूनच गेले. पण त्यांनीच विचारलं, "कुंदा, रुखसारची आई खरंच काही बोलली नव्हती?"

"नाही, मॅडम."

"मग चूक माझीच," म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आता दवाखाना अनघा बघते. आलेल्या आईचा शब्दन् शब्द मी लिहून घेते, एक पान पुरत नाही. अनघा हसते, "कुंदाताई, एवढं कशाला लिहिता?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारच्या पुरवणीत हे छापून आलं की ती वाचेल.