पावणेदोन तासांचं बंगलोर

तिकिटाच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक तिकीट घेऊन जातात अन् किस्सा आमच्याकडे ठेवून जातात! वाडीतल्या आमच्या दुकानात आम्ही तिघं: मी, बबनभाऊ आणि काउंटरवरची प्रिया. बबनभाऊंचा जन्म ट्रॅव्हल्सच्या बस भरण्यात गेला, विमानाची तिकिटं आत्ताआत्ताची.

एकदा एका काकांनी विचारलं, "पुण्याचं विमान जेवायले कुठं थांबते?"

"थांबतच नाही," मी म्हटलं.

"काहून? ड्रायव्हर उपाशी राहते का?"

बबनभाऊ शांतपणे म्हणाले, "घरून जेवून येते तो!" काकांचं समाधान झालं, तिकीट निघालं.

कामठीची एक मावशी मुंबईला निघाली, तर सोबत सांभारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, हा एवढा डबा! म्हटलं, "मावशी, दीड तासाचा तर प्रवास आहे."

"विमान लवकर पोचते वं, पण भूक आपल्या टायमालेच लागते ना!"

मग ते रामटेकचे गुरुजी. "उडायले दीड तास, अन् दोन तास आधी काहून बोलावते? तेवढ्यात मी गडावर दर्शन करून येतो!"

आम्हाला वाटलं, गंमत करून राहिले. विमानाची वेळ झाली, पोचले का पाहावं म्हणून बबनभाऊंनी फोन लावला. "गुरुजी, कुठं आहात?"

"गड उतरून राहिलो गा! दर्शन मस्त झालं!"

पण खरा किस्सा आमच्या प्रियाचा. बंगलोरला नोकरी करणाऱ्या अमितशीच लग्न करायचं, हे तिचं ठरलं होतं. तिचे वडील शंकरकाका, उमरेडचे, कापडाचं दुकान. त्यांचा हट्ट एकच: "सकाळी निघून, पोरीच्या घरी चहा पिऊन, दिवेलागणीले परत येता आलं पाहिजे. त्याच्यापलीकडे पोरगी देत नाही!"

"बाबा, विमानानं पावणेदोन तास!"

"पाहतोच जाऊन."

जायचं-यायचं त्याच दिवसाचं तिकीट प्रियानंच काढलं. आईनं डबा भरून दिला अन् काका निघाले.

दुपारी काकांचा फोन आला. "विमान बरोबर उतरलं. पण टॅक्सी कधीची एकाच पुलाजवळ उभी आहे! गाव आहे का तमाशा?" अन् फोन कटला. पुन्हा लागेचना.

"गेलं माझं लग्न!" प्रिया रडायलाच लागली. नेहमी चिडवणारे बबनभाऊसुद्धा गुपचूप चहा घेऊन आले.

दिवे लागले अन् काका दारात हजर.

"घर कसं आहे अमितचं?" मीच विचारलं.

"पाहिलंच नाही."

प्रियाचा चेहरा पार उतरला. काका खुर्चीत टेकले. "पोरगा मले घ्यायले त्याच्या घरून निघाला होता. तोही अडकला. मग गाडी तिथंच कडेला लावली अन् उन्हात पायी चालत आला बिचारा. पुलाखाली बसून दोघं जेवलो. टपरीवर त्यानं चहा पाजला, अन् मी परत फिरलो."

"मग बाबा... लांब आहे का खूप?"

काकांनी रिकामा डबा तिच्या हातात दिला.

"अंतर अर्धंच निघालं वं, पोरी! उरलेलं तो चालत येते."