आत्याची मिसरी आणि लेकीचा ब्रश

माझ्या आत्याइतकं सावकाश दात घासणारं माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि असलंच तर ते अजून तोंड धुऊन उठलेलं नसेल. ती याच जिल्ह्यातल्या वाशीला आमच्याकडेच राहते. उजाडलं की मिसरी घेऊन ओट्यावर बसायची. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. चिमूटभर डाव्या तळव्यावर घ्यायची आणि उजव्या बोटानं एकेक दात असा घासायचा, की जणू देवाची पितळी भांडी घासायला काढलीत. तेवढा वेळ ती बोलायची नाही. मिटल्या तोंडानं नुसतं "हं" करायची, आणि त्या "हं"मध्येच भाजीवाल्याला परत पाठवायची, कुत्रं हाकलायची, शेजारच्या सुनेची चौकशीही करून घ्यायची. एकदा येरमाळ्याला देवीला निघालो, तर हिच्या मिसरीपायी एसटी निघून गेली. मी ओरडलो, "आत्या, गाडी गेली की!" तिनं शांतपणे चूळ भरली आणि म्हणाली, "गाडी दुसरी येती. ह्या वयात दात येत्यात का दुसरे?"

घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मी सांगणारच, फुकट नाही झालो. पण माझ्या अडीच वर्षांच्या लेकीपुढं पदवी चालत नव्हती. ब्रश दिसला की ती पलंगाखाली. मी पाय धरायचे, बायकोनं डोकं, आणि लेकीनं असा गळा काढायचा की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "कान टोचायलेत का लेकराचे?" मोबाईलवर बघून मी ब्रशची गाणी म्हटली. तिला गाणी आवडली, ब्रश नाही. त्यात डॉक्टरनं तिच्या पुढच्या दातांवरचे काळे ठिपके दाखवले आणि बायकोची झोपच उडाली.

एका सकाळी अशीच आमच्या हातातून सुटून लेक ओट्यावर आत्याला जाऊन चिकटली. आत्या "हं" म्हणून थोडी सरकली. लेकीनं तिच्याकडं टक लावून बघितलं, तसंच गुडघ्यावर कोपर टेकलं आणि हातातला ब्रश आपण होऊन तोंडात घातला. मग रोज तेच. आधी वरचे दात, मग खालचे, मग चूळ, मग आत्याच्या पदराला तोंड. कुणी धरायचं नाही, कुणी ओरडायचं नाही.

पण एक दिवस लेकीनं ब्रश बाजूला ठेवून डावा तळवा पुढं केला. "मला पन काळं."

बायको धावली. "आत्या, तुम्ही परसात बसून लावा ना!"

आत्या परसात गेली. ओटा रिकामा बघून लेक पुन्हा पलंगाखाली.

आत्या परतली, वाकून तिच्याकडं बघत राहिली. "व्वा गं टिचभर! म्हातारपणी मला सुधरायला लावती व्हय?" म्हणाली आणि सगळी मिसरी उकिरड्यावर रिकामी करून आली. पुढचे काही दिवस ती इतकी चिडचिडी झाली, की भाजीवाला आमची गल्ली टाळून जायचा.

आता दोघी ओट्यावर ब्रश घेऊन बसतात. आत्याच्या ब्रशवर ससा आहे, लेकीनंच निवडलेला. "लई गुळचट लागतंय," आत्या रोज कुरकुरते. पण ब्रशचं काम लगेच उरकतं. उरलेल्या सकाळचं काय करायचं, हे आत्याला अजून नीट उमगलेलं नाही. तोंड पुसून ती तशीच रस्त्याकडं बघत बसते. आणि दात स्वच्छ झाले तरी लेक काही उठत नाही.