गोळी खरी होती

फुलंब्रीत माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. कुणाच्या टेकूशिवाय उभं केलंय. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं औषधाची बाटली माझ्या काउंटरवर आदळली. "डुप्लिकेट माल इकतो व्हय रं? बोंडअळी मरंना." औषध खरं होतं. तेच तेच मारून अळीच त्याला दाद देईनाशी झाली होती. मी घसा फोडून सांगितलं, पण गावानं त्याचंच ऐकलं. तो राग अजून गेलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात थोरला भाऊ ट्रक घेऊन आसामकडून परतला तो हुडहुडी भरूनच. आई-बाप गेल्यावर यानंच मला वाढवलं. मी शेजारच्या मेडिकलवर गेलो. "आधी रक्त तपासा, चिठ्ठी आणा," मेडिकलवाला म्हणाला. समोरच्याचं पहिलं बोलणं मी आयुष्यात कधी मान्य केलेलं नाही. "मलेरियाच हाय. आपल्या लहानपणची ती कडू गोळी दे," म्हणत घासाघीस केली आणि गोळ्या घेऊनच हललो.

तिसऱ्या दिवशी भाऊ तापात बरळू लागला. त्याला गाडीत घालायचं सोडून मी आधी मेडिकलवर गेलो आणि भर रस्त्यात ओरडलो, "डुप्लिकेट माल इकतो व्हय रं?"

"दादा, आधी त्यांना दवाखान्यात न्या," तो एवढंच म्हणाला.

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून दुसरं औषध सुरू केलं. मी फवारणीची औषधं विकतो हे सांगून, गोळी खोटी होती का, असं विचारलं.

"गोळी खरीच होती. जंतू बदललाय. त्याच्या जनुकात असा फरक झालाय, की ती गोळी आत गेली तरी तो बाहेर टाकतो. साधे जंतू मरतात, असले उरतात आणि वाढतात. तुमच्या अळीसारखंच."

त्या शेतकऱ्याची कपाशी डोळ्यांदेखत जात होती, तेव्हा त्याला माझं कसं पटणार होतं?

दोन दिवसांनी भावाचा ताप उतरला. माझ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "कुणाशी भांडून आलास?"

परतल्यावर मेडिकलवर गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर, ओरडलो होतो तेवढ्याच आवाजात म्हणालो, "गोळी खरी होती. चूक माझी."

मेडिकलवाल्यानं वर न बघता हात पुढं केला. "चिठ्ठी?"

मी खिशातून काढून दिली.