आईचं ‘व्हय’

समोरचा माणूस बोलत असला की आई मधेमधे ‘व्हय’ म्हणायची. पटो न पटो. तिच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की ऐकतेय, पुढं बोला. सत्तरच्या दशकात कराडच्या कोर्टात ती साक्षीला उभी राहिली, तोवर मला या सवयीची कधी भीती वाटली नव्हती.

पलटणीतून रजेवर आले असताना वडिलांनी चुलतभावाकडून नदीकाठचं रान घेतलं. साठेखत झालं, रान ताब्यात आलं, आम्ही त्यात घरही बांधलं. पक्कं खरेदीखत पुढच्या रजेत करायचं ठरलं. ती रजा आलीच नाही, वडील गेल्याची तार आली. मग रानाला पाणी आलं, भाव चढला आणि या काकांची नियत फिरली. ठरल्याप्रमाणे खरेदी करून द्या म्हणून आईने दावा लावला. आमचे वकील तिला सारखं बजावत, “आपण खरेदीला कायम तयार होतो. एकदा जरी ‘नको’ म्हटल्याचं दिसलं, तर दावा गेला.” दावा गेला की राहतं घरही जाणार होतं.

काकांचा वकील मोठा गोडबोल्या.

“मावशी, यजमान गेले, तुमच्यावर आभाळच कोसळलं.”

“व्हय.”

“शेती बघायला घरात गडीमाणूस नाही.”

“व्हय.”

“म्हणून तुम्हीच दिरांना म्हणालात, रान नको, व्यवहार मोडा.”

“व्हय.”

आमचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. “बाई, व्यवहार मोडा असं तुम्ही म्हणालात?”

“कवा? मी न्हाई बा!”

“आत्ताच तर हो म्हणालात.”

“त्ये बोलत हुते, म्हनून व्हय म्हनलं. मानूस बोलाय लागल्यावर दगडावानी गप कसं ऱ्हायाचं, साहेब?”

कोर्ट हसलं. मेला तो वकीलही हसला. मी मात्र साहेबांकडे बघत होते. साहेब हसले नव्हते, ते इंग्रजीत काहीतरी लिहीत होते आणि ते काय हे आम्हा मायलेकींना कळायचा मार्ग नव्हता.

आई पिंजऱ्यातून उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “बराबर बोलले न्हवं गं? ऱ्हाईल न्हवं घर?”

मी म्हटलं, “व्हय.”